वाळवंटाच्या देशीं जातांना

नामिबिया हें नांव आपल्याकडील पुष्कळ घरांत प्रथम ऐकूं आलें तें १७ सप्टेंबर २०२२ रोजीं. त्या दिवशीं तेथील आठ चित्ते विमानानें ग्वाल्हेरला उतरले व तेथून कुनोच्या अरण्यांत नेण्यांत आले. त्या चित्त्यांच्या नशिबीं खास विमान होतें. उलट दिशेनें जाणाऱ्या माणसांस मात्र तसें सुख नाहीं. आपणांस आदिस अबाबा किंवा जोहान्सबर्ग येथें विमान बदलावें लागतें, आणि प्रवासांतली पहिली अडचण बहुधा तेथेंच उभी राहते. जोहान्सबर्गपर्यंतचें तिकीट एका कंपनीचें व पुढचें दुसऱ्या कंपनीचें असें स्वस्ताईच्या मोहानें वेगवेगळें काढलें, तर सामान सोडवून घेण्यासाठीं दक्षिण आफ्रिकेच्या हद्दींत शिरावें लागतें, आणि त्यासाठीं त्या देशाचा निराळा प्रवेशपरवाना लागतो. म्हणून सामान थेट विंडहूकपर्यंत जाईल असें एकच तिकीट काढावें. आदिस अबाबामार्गें जाणाऱ्यांनीं पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रांत निदान दहा दिवस आधीं टोंचून घेऊन तिचा दाखला पासपोर्टाबरोबर ठेवावा. तो जातांनाच नव्हे, तर येतांनाहि मागितला जाण्याचा संभव असतो. खुद्द नामिबियाच्या प्रवेशपरवान्याचे नियम १ एप्रिल २०२५ पासून अनेक देशांच्या नागरिकांच्या बाबतींत बदलले आहेत. तेव्हां शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या माहितीवर न विसंबतां, नवी दिल्लींतील नामिबियाच्या हायकमिशनकडून आपल्याला लागू असलेला नियम समजून घ्यावा हें उत्तम.

आतां देशाचा आकार पाहूं. नामिबियाचें क्षेत्रफळ सुमारें ८,२५,००० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीचपटीहून अधिक. आणि २०२३ च्या जनगणनेप्रमाणें तेथील वस्ती तीस लाखांच्या आसपास! २०११ सालीं एकट्या पुणें शहराची लोकसंख्या याहून थोडी जास्तच होती. हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं ठेवले म्हणजे त्या देशांत प्रवास करणें म्हणजे काय, याची थोडी कल्पना येते. आपल्याकडे मोटार बिघडली तर पांच मिनिटांत चार माणसें जमतात आणि त्यांतले तिघे सल्ला देतात. तेथें कांहीं रस्त्यांवर तासन् तास दुसरी मोटार दिसत नाहीं. परदेशी प्रवाशाला या देशांत खरें भय सिंहाचें नाहीं आणि सापाचेंहि नाहीं. भय आहे तें खडीच्या मोकळ्या रस्त्याचें, आणि त्या रस्त्यावर आपण स्वतः करीत असलेल्या घाईचें. माझ्या आजच्या भाषणाचा बराचसा भाग याच गोष्टीवर खर्च व्हावा हें त्यामुळें स्वाभाविक आहे.

प्रथम ऋतूचा विचार करूं. देश दक्षिण गोलार्धांतला, म्हणून आपला उन्हाळा तो तेथला हिंवाळा. पाऊस पडतो तो मुख्यतः जानेवारी ते मार्च या महिन्यांत, आणि मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ. आपल्या घरांतील मुलांच्या सुट्या पाहतां दोन वेळा सोयीच्या. पहिली मे महिन्याची. पाऊस नुकताच सरलेला असतो, हवा स्वच्छ, ऊन सोसण्याजोगें आणि गर्दी बेताची. दुसरी दिवाळीच्या आगेमागें, ऑक्टोबरांत. तेव्हां उष्मा कडक असतो, पारा चाळीस अंशांकडे धांवतो; पण रानांतलें पाणी आटलेलें असल्यामुळें जनावरें उरल्यासुरल्या पाणवठ्यांवर गोळा होतात, व ज्याला वन्य पशु पाहावयाचे आहेत त्याला याहून चांगला काळ नाहीं. जून ते ऑगस्ट हा तेथला खरा हिंवाळा. "वाळवंटांत जावयाचें, मग लोंकरीचे कपडे कशाला?" असा प्रश्न या वेळीं घरोघरीं निघतो. विंडहूक शहर समुद्रसपाटीपासून सुमारें १,६५० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षांहि उंच. आणि वाळवंटाची जमीन दिवसा जितकी लवकर तापते, तितकीच रात्रीं लवकर निवते. कारण उष्णता धरून ठेवणारी वाफ हवेंत नसते. जुलैच्या पहांटे तंबूबाहेर ठेवलेल्या भांड्यांतलें पाणी कधीं कधीं गोठतें. तेव्हां कानटोपी, हातमोजे आणि एक जाड स्वेटर प्रत्येकाच्या पिशवींत असलाच पाहिजे.

आणखी एक गोष्ट आपल्या संवयीच्या उलट आहे. तेथें हिंवाळ्यांत भर दुपारीं सूर्य उत्तरेस असतो. मोटार सावलींत उभी करतांना किंवा तंबूचें दार कोणत्या बाजूला ठेवावें हें ठरवितांना आपण नकळत दक्षिणेचें ऊन टाळूं पाहतों आणि उन्हांतच जाऊन बसतों. सावली दक्षिणेकडे शोधावी. आकाशांतहि असेंच होतें. आपल्याकडे दक्षिण क्षितिजाशीं लवलेला वृश्चिक तेथें जुलैच्या रात्रीं थेट डोक्यावर येतो, व मुंबईच्या धुरकट क्षितिजावर महत्प्रयासानें सांपडणारा त्रिशंकु जूनच्या संध्याकाळीं चांगला उंचावर झळकतो. आकाश इतकें काळें कीं आकाशगंगेच्या उजेडांत वाट दिसते कीं काय असें वाटावें. नामिब वाळवंटाच्या कडेचें नामिबरँड हें राखीव क्षेत्र २०१२ सालीं अंधाऱ्या आकाशाचें आंतरराष्ट्रीय अभयारण्य म्हणून जाहीर झालें आहे. अमावास्येच्या सुमारास प्रवास आंखला तर हा लाभ फुकटांत पदरीं पडतो.

आतां रस्त्यांकडे वळूं. तेथें मोटारी आपल्याप्रमाणेंच रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालतात. परवाना आपल्या आर.टी.ओ.कडून मिळणारा आंतरराष्ट्रीय घ्यावा व मूळचाहि जवळ ठेवावा. रस्त्यांची नांवें अक्षरांनीं व आंकड्यांनीं चालतात. बी अक्षराचे रस्ते हमरस्ते, बहुतेक डांबरी व उत्तम. सी आणि डी अक्षरांचे रस्ते बहुतांशीं खडीचे. प्रवाशाला जीं स्थळें पाहावयाचीं असतात त्यांपैकीं बरींच या दुसऱ्या वर्गांतील रस्त्यांवर आहेत. खडीचा रस्ता म्हणजे आपल्याकडचा खड्ड्यांचा रस्ता नव्हे. तो रुंद, सरळ, आणि दुरून पाहतां डांबरी रस्त्याइतकाच सुरेख दिसतो. फसवणूक आहे ती येथेंच. त्याच्या पृष्ठभागावर चाकांच्या सतत आघातानें पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लहरी उठलेल्या असतात. हळू चालविलें तर मोटार खडखडते, दांत वाजतात. वेग वाढविला कीं खडखड एकाएकीं थांबते, व नवख्या चालकाला वाटतें कीं आपल्याला युक्ति सांपडली. वस्तुतः झालेलें असें असतें कीं चाकें आतां लहरींच्या माथ्यांवरूनच उड्या घेत चाललीं आहेत, त्यांचा जमिनीशीं संबंध निम्मासुद्धां उरलेला नाहीं. अशा स्थितींत ब्रेक लावावा तर लागत नाहीं, चक्र फिरवावें तर मोटार ऐकत नाहीं. वळणावर एखादें चाक कडेच्या सैल खडींत जातें, चालक घाबरून तें झटक्यानें परत आणूं पाहतो, मोटार आडवी घसरते व उलटते. टपावर तंबू बांधलेल्या उंच मोटारी तर फारच लवकर उलटतात. परदेशी प्रवाशांच्या गंभीर अपघातांत पुष्कळसे असे, समोर दुसरें कोणतेंहि वाहन नसतांना झालेले असतात.

यावर उपाय साधा आहे; पण तो निश्चयानें पाळावा लागतो. खडीवर ताशीं ८० किलोमीटरची मर्यादा ओलांडूं नये. कायदा याहून अधिक वेगाला मुभा देतो, ही गोष्ट खरी; पण कायदा रस्त्याची स्थिति पाहण्यास येत नाहीं. भाड्यानें मोटार देणाऱ्या बऱ्याच कंपन्या स्वतःच ८० चें बंधन घालतात व तें मोडल्यास विमा रद्द समजतात. वळणापूर्वीं वेग कमी करावा, वळणावर नव्हे. समोरून वाहन आलें कीं धुळीचा लोट उठून कांहीं क्षण पुढचें कांहींच दिसत नाहीं. तेव्हां आधींच मंद व्हावें, डावीकडे राहावें. दिवे दिवसाहि चालू ठेवावेत. पट्टे सर्वांनीं बांधावेत, मागच्या आसनावरील आजीबाईंनींसुद्धां. "मागें काय होणार आहे?" हा आपल्याकडचा समज येथें जिवावर बेततो, कारण उलटणाऱ्या मोटारींतून बाहेर फेंकला जाणारा मनुष्यच बहुधा दगावतो. टायरांतील हवा खडीवर थोडी कमी ठेवितात. किती, तें मोटार ताब्यांत घेतांना विचारून लिहून घ्यावें. मोटारीबरोबर एक नव्हे, दोन स्टेपन्या मागाव्यात, आणि जॅक व पाना आहे एवढें पाहूनच न थांबतां, त्या कंपनीच्या अंगणांतच एकदां चाक बदलून पाहावें. तेथें हंसणारे हंसोत. भर उन्हांत, निर्मनुष्य रस्त्यावर जॅक कोठें बसवावयाचा हें प्रथमच शोधीत बसण्यापेक्षां तें बरें. विम्याचा कागद वाचतांना टायर, कांच, आणि दुसऱ्या वाहनाशिवाय झालेला अपघात, या तीन गोष्टींचा त्यांत समावेश आहे काय तेवढें तरी पाहावें. स्वस्त विम्यांतून बहुधा याच तीन वगळलेल्या असतात.

सूर्यास्तानंतर शहराबाहेर मोटार चालवूं नये. हा नियम तेथील लोक स्वतः पाळतात, मग आपण कां मोडावा? अंधार पडतांच रस्त्यावर जनावरें येतात. कुडू नांवाचें एक मोठें हरीण आहे; दोन-अडीचशें किलो वजनाचें तें जनावर दिव्यांच्या झोतांत बुजून रस्त्यावरच उडी घेतें. जनावर आडवें आल्यास ब्रेक दाबावा, पण मोटार एकदम वळवूं नये. पावसाळ्यांत गेलांत तर कोरड्या नद्यांपासून सावध असावें. या नद्या वर्षाचे कित्येक महिने नुसत्या वाळूच्या असतात. पण दूर डोंगरांत पाऊस पडला कीं आपल्या डोक्यावर निरभ्र आकाश असतांना पाण्याचा लोंढा येतो. अशा वेळीं पाणी ओसरेपर्यंत कांठावर थांबावें. सोबत खाऊ व पत्त्यांचा जोड असला म्हणजे दोन-चार तास सहज जातात.

पेट्रोल दिसेल तेथें भरावें. टांकी निम्मी भरलेली असली तरी भरावें. वॉल्विस बे या बंदराहून वाळवंट ओलांडून सॉलिटेर या वस्तीकडे निघालें कीं जवळजवळ २३० किलोमीटर पंप नाहीं. सॉलिटेर म्हणजे गांव नव्हेच. एक पंप, एक दुकान, एक बेकरी, आणि भोंवतीं गंजलेल्या जुन्या मोटारींचे सांगाडे. तेथल्या सफरचंदाच्या गोड पावाची कीर्ति मात्र साऱ्या देशभर आहे.

पाण्याचा हिशेब माणशीं रोज पांच लिटर असा धरावा व त्याखेरीज एक दिवसाचा सांठा मोटारींत न शिवतां ठेवावा. शहरांतील नळाचें पाणी पिण्यास चांगलें असतें. विंडहूकच्या पाण्याबद्दल एक कौतुकाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९६८ पासून हें शहर वापरलेलें सांडपाणी शुद्ध करून पुन्हां पिण्याच्या पाण्यांत मिसळीत आलें आहे; जगांत असें करणारें तें पहिलें शहर. ऐकून नाक मुरडण्याचें कारण नाहीं. जेथें वर्षभर वाहणारी नदी फक्त देशाच्या सरहद्दीवर आहे, तेथें एका थेंबाला दोनदां कामाला लावणें हा शहाणपणाच आहे. मोटार बंद पडली तर मोटारीपाशींच थांबावें, हेंहि ओघानें सांगतों. मदत मागावयास चालत निघालेला मनुष्य शोधणें कठिण; पांढरी मोटार दुरूनहि दिसते. मोबाइल फोन गांवांत चालतो, दोन गांवांच्या मध्यें पुष्कळदां चालत नाहीं. म्हणून सकाळीं निघतांना आज कोणत्या रस्त्यानें कोठें जाणार हें मुक्कामाच्या ठिकाणीं सांगून निघावें. दूरच्या भागांत जाणाऱ्यांना उपग्रहाचा फोन भाड्यानें मिळतो.

एवढें ऐकल्यावर दिवस कसे आंखावेत याचें उत्तर आपोआपच मिळतें. नकाशावरील किलोमीटर मोजूं नयेत, तास मोजावेत. आणि खडीवर तासाला ६० किलोमीटर पडतात असें धरावें. विंडहूक ते सेसरीम हें अंतर सुमारें ३२० किलोमीटर. आपल्याला वाटतें, जेवणाच्या वेळेला पोंचूं. पांच तास लागतात, आणि मध्यें छायाचित्रांसाठीं थांबल्याशिवाय कोण राहतो? बारा रात्री हातीं असतील तर पहिली विंडहूकला झोंपून काढावी, कारण रात्रभर विमानांत जागलेल्या माणसानें त्याच दिवशीं खडीवर मोटार नेऊं नये. मग तीन रात्री सेसरीम, दोन किनाऱ्यावरील स्वाकोपमुंड, दोन ट्वायफेलफॉन्टेनच्या आसपास, तीन एटोशा आणि शेवटची पुन्हां विंडहूक. दक्षिणेकडचा फिश नदीचा प्रचंड दरा, जो सुमारें १६० किलोमीटर लांब व कोठें कोठें ५५० मीटर खोल आहे, तो यांत बसत नाहीं. बसवूं नये. त्याला आणखी पांच दिवस लागतात. ते नसतील तर तो पुढच्या खेपेस ठेवावा. एटोशा व सेसरीम येथील सरकारी मुक्काम कित्येक महिने आधीं भरून जातात, म्हणून तेथील जागा आधीं राखून मगच विमानाचीं तिकिटें काढावीं.

सेसरीम या नांवांतच पाण्याची कथा आहे. आफ्रिकान्स भाषेंत सेस म्हणजे सहा व रीम म्हणजे चामड्याची वादी. येथील खोल घळींतलें पाणी काढण्यास पूर्वींचे प्रवासी सहा वाद्या एकीस एक जोडून बादली सोडीत, त्यावरून हें नांव पडलें. येथून सॉसुसव्लायपर्यंत सुमारें ६० किलोमीटर डांबरी रस्ता आहे. त्यापुढील पांचेक किलोमीटर निव्वळ वाळू. चारहि चाकांना जोर मिळणारी मोटार असली तरी ज्याला वाळूंत चालविण्याचा सराव नाहीं त्यानें ती तेथेंच ठेवून भाड्याच्या गाडीनें पुढें जावें. दर दिवशीं कोणी ना कोणी वाळूंत रुतून बसलेला असतोच. फाटक सूर्योदयास उघडतें व सूर्यास्तास बंद होतें; जे फाटकाच्या आंतल्या मुक्कामांत राहतात त्यांना तासभर आधीं निघतां येतें. हा एक तास विकत घेण्यासारखा आहे. पहांटेच्या तिरक्या उन्हांत त्या तांबूस टेकड्यांची एक बाजू पेटल्यासारखी व दुसरी काळीशार दिसते. दहानंतर रंगहि जातो व वाळूहि पाय भाजूं लागते.

येथून अर्ध्या तासाच्या चालीवर डेडव्लाय आहे. पूर्वीं त्साउखाब नदीचें पाणी तेथवर येई, व बाभळीच्या कुळांतलीं झाडें तेथें वाढलीं. पुढें वाळूच्या टेकड्यांनीं नदीची वाट अडविली. झाडें मेलीं त्याला सहा-सातशें वर्षें झालीं असावींत, आणि तीं अजून उभींच आहेत. हवा इतकी कोरडी कीं त्यांना कुजतांहि येत नाहीं. पांढऱ्या मातीवर तीं काळीं खोडें पाहतांना मोठमोठ्यानें बोलणारीं माणसेंहि आवाज उतरवितात. त्यांना हात लावूं नये व मुलांना त्यांवर चढूं देऊं नये. जाण्यायेण्याला एक टोपी, झांकलेले बूट व माणशीं दोन लिटर पाणी हवें.

वाळवंटांतून किनाऱ्याकडे निघालें कीं एक चमत्कार घडतो. शेवटच्या तासाभरांत पारा झपाट्यानें उतरतो आणि समोर धुक्याची भिंत उभी राहते. समुद्रांत बेंग्वेला नांवाचा थंड प्रवाह दक्षिणेकडून वर वाहतो. त्यावरून येणारी हवा गार होते, तिच्यांतील बाष्पाचें धुकें बनतें, पण पाऊस पडण्याइतकी ती वर चढत नाहीं. वाळवंट समुद्राला लागून असण्याचें एक मोठें कारण हा प्रवाह, आणि त्या वाळवंटांतले जीव जगण्याचें कारण हें धुकें. येथील एक काळा भुंगेरा पहांटे टेकडीच्या माथ्यावर डोकें खालीं करून उभा राहतो; पाठीवर जमलेले दंव ओघळून तोंडांत येतें. वेल्विट्शिया नांवाची वनस्पति दोनच पानांवर सारा जन्म काढते, आणि तिचा जन्म हजार वर्षांहूनहि दीर्घ असूं शकतो. प्रवाशानें यांतून घेण्याची सूचना अशी कीं किनाऱ्यावरचे मिठाचे रस्ते धुक्यानें ओले झाले म्हणजे साबणासारखे निसरडे होतात; तेव्हां सकाळीं उशिरा निघावें. आणि ठरलेला रस्ता सोडून वाळवंटांत मोटार घालूं नये. त्या मैदानावरची बुरशीसारखी पातळ साय हें धुक्यावर वाढलेलें जिवंत दगडफूल असतें. तिच्यावरून गेलेल्या चाकांचे चरे कित्येक दशकें बुजत नाहींत.

स्वाकोपमुंड हें गांव पाहून प्रवासी बुचकळ्यांत पडतो. वाळवंटाच्या कडेला जर्मन धाटणीचीं घरें, जर्मन पाव, जर्मन पाट्या! १८८४ पासून पहिल्या महायुद्धापर्यंत हा मुलूख जर्मनीच्या ताब्यांत होता. येथें सुंदर इमारतींचीं छायाचित्रें घ्यावींत. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. १९०४ सालीं हेरेरो लोकांनीं व त्यांच्यामागून नामा लोकांनीं उठाव केला, तेव्हां सेनापति फॉन ट्रोथा यानें हेरेरोंना ओमाहेकेच्या निर्जल प्रदेशांत लोटलें व परतीच्या वाटा अडविल्या. विहिरीपासून माणसाला तोडणें, एवढेंच शस्त्र तेथें पुरेसें होतें. जे वांचले त्यांतील पुष्कळ जण छावण्यांतून मेले. त्यांतली एक छावणी याच गांवीं होती, दुसरी ल्यूडेरित्सजवळील शार्क बेटावर. १९०८ पर्यंत हेरेरो लोकांपैकीं फार मोठा भाग व नामांपैकीं निम्म्याच्या आसपास नाहींसे झाले असें इतिहासकार मानतात. जर्मन सरकारनें हा वंशसंहार होता असें २०२१ सालीं कबूल केलें. गांवाच्या स्मशानापलीकडे वाळूचे लहान लहान अनाम उंचवटे आहेत, ते याच लोकांचे. वाळूंत चारचाकी फटफट्या उडविण्याचा खेळ या गांवीं फार लोकप्रिय आहे; खेळावयाचा तर त्या बाजूला जाऊं नये.

जर्मनीनंतर दक्षिण आफ्रिकेनें हा देश पाऊणशें वर्षें धरून ठेवला, व २१ मार्च १९९० रोजीं तो स्वतंत्र झाला. त्या वेळच्या संयुक्त राष्ट्रांच्या सेनादलाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल प्रेम चंद हे भारतीय होते.

ल्यूडेरित्सकडे जाणाऱ्यांस एवढेंच सांगतों कीं १९०८ सालीं तेथें झकारियास लेवाला नांवाच्या रेल्वे-मजुराला हिरा सांपडला, त्यापायीं कोल्मन्सकोप हें श्रीमंत गांव उठलें व १९५६ पर्यंत ओसहि पडलें. आज त्याच्या दिवाणखान्यांतून वाळू भरली आहे. आसपासचा प्रदेश निषिद्ध आहे. तेथें परवान्याशिवाय शिरूं नये, आणि कोणीं रस्त्यांत हळूच कच्चा हिरा दाखविला तर पाहतहि थांबूं नये. तो बाळगणें हाच गुन्हा आहे.

एटोशांत पशु शोधीत हिंडणाऱ्याला थोडें दिसतें, बसून राहणाऱ्याला पुष्कळ दिसतें. सुमारें ४,८०० चौरस किलोमीटरचें पांढरें मिठागर आणि त्याच्या दक्षिण कडेनें पाणवठे. एक पाणवठा निवडावा, मोटार बंद करावी व तास-दोन तास बसावें. प्रथम हरिणें येतात, मग झेब्रे, मग एकाएकीं सगळीं मागें सरतात व झाडींतून हत्ती निघतात. मोटारींतून खालीं उतरूं नये. मुलाला लघवीची घाई झाली तरी नाहीं. कुंपण घातलेल्या जागा त्यासाठीं राखलेल्या आहेत. ओकाउकुएयो येथील मुक्कामाच्या पाणवठ्यावर रात्रभर दिवा असतो. दुलई घेऊन तेथील बांकावर बसावें, काळा गेंडा बहुधा अंधार पडल्यावर येतो. हिंवताप या उत्तरेकडील भागांत, विशेषतः पावसाच्या महिन्यांत, असतो. त्याच्या गोळ्यांविषयीं निघण्यापूर्वीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

शाकाहारी मंडळींना काळजी असते ती जेवणाची. देश मांसाहारी आहे, व उपाहारगृहांत "भाजी आहे काय?" म्हणून विचारल्यास बटाटा पुढें येतो. परंतु बहुतेक मुक्कामांत स्वतः रांधण्याची सोय असते, आणि विंडहूकच्या मोठ्या दुकानांतून तांदूळ, कडधान्यें, भाज्या सर्व मिळतें. घरून मेतकूट, भाजणी व चटण्या न्याव्यात, बंद पुड्यांतून, आणि विमानतळावर विचारल्यास लपवूं नयेत. मौजेची गोष्ट ही कीं उत्तर नामिबियाचें मुख्य अन्न माहांगू म्हणून जें आहे, तें म्हणजे आपली बाजरी. तेथें तिची घट्ट लापशी करून हातानें खातात. हाताने जेवणाऱ्या पाहुण्याचें त्या घरांत लगेच कौतुक होतें. मांस खाणाऱ्यांनीं हें लक्षांत ठेवावें कीं उत्तरेकडून दक्षिणेकडे येतांना गुरांच्या रोगांसाठीं घातलेल्या कुंपणाच्या नाक्यावर कच्चें मांस काढून घेतलें जातें.

माणसांशीं वागतांना आधीं नमस्कार, आधीं "कसे आहांत?", मग कामाचें बोलणें. पंपावर सुद्धां. इंग्रजी राजभाषा असल्यामुळें अडत नाहीं. वायव्येस हिंबा लोकांच्या वस्त्या आहेत. त्या बायका लोण्यांत तांबडी गेरू कालवून अंगाला व केंसांना लावितात, आणि त्यांचीं छायाचित्रें काढण्यास प्रवासी आतुर असतात. त्यांचीहि ती घरें आहेत हें विसरूं नये. स्थानिक वाटाड्याबरोबर जावें, विचारून मग छायाचित्र घ्यावें, आणि मुलांना गोळ्या-चॉकलेटें वांटण्याऐवजीं घराला मक्याचें पीठ द्यावें.

पैशाचें एवढेंच: नामिबियाचा डॉलर व दक्षिण आफ्रिकेचा रँड यांचें मोल एकच, आणि रँड तेथें चालतो; उलट नामिबियाचा डॉलर बाहेर कोणी घेत नाहीं, म्हणून तो तेथेंच संपवावा. विजेचीं छिद्रें मोठ्या तीन गोल खिळ्यांचीं, आपल्या गीझरच्या पिनेसारखीं, तेव्हां तशी एक पीन घरूनच न्यावी. प्रवासविम्यांत विमानानें इस्पितळांत नेण्याचा खर्च धरलेला असावा. चांगलीं इस्पितळें विंडहूकला आहेत, आणि अपघात बहुधा तेथून चारशें किलोमीटरवर होतो. शहरांत, विशेषतः पैशांच्या यंत्रापाशीं, भामटे असतात. मोटारींत दिसेल अशी पिशवी ठेवूं नये.

परतीच्या वेळीं मोटार शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारींच विंडहूकला आणावी. कांचेवर खडीचा तडा गेला असेल तर तो आपणच दाखवावा व कागदावर सही घ्यावी. विमानतळ शहरापासून सुमारें ४५ किलोमीटर दूर आहे. पहांटेचें विमान असेल तर त्या रस्त्यावर स्वतः मोटार न हांकतां आदल्या दिवशीं ठरविलेल्या भाड्याच्या गाडीनें जावें. बुटांतील वाळू मात्र निघण्यापूर्वीं झाडावी. ती कितीहि झाडली तरी थोडी घरीं येतेच.